आखणीच्या रात्री ये

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रांची वही परवाच्या एसटीनं पोचली. दोन पिशव्यांत गुंडाळलीस ते बरं केलंस, तरी शेवटची चार पानं ओलावलीच. आत खोचलेली चिठ्ठी वाचली, युरोपच्या टूरवाल्यांचा छापील कागदही पाहिला. बारा दिवस, सात शहरं. बाबा पतपेढीचं कर्ज काढायला तयार आहेत, हे तू ज्या घाईनं लिहून पुढे गेलीस त्यावरूनच ते तुला किती टोचतंय ते कळलं. आणि मग ते वाक्य : "काका, इथलं सगळं बघून झालंय, म्हणून काही सुचत नाही."

या वाक्यानं मला झोपू दिलं नाही.

तुझा हात चांगला आहे, त्यावर शाई घालवत नाही. वहीची पानं मोजली, ६२ भरली. थिबा राजवाडा, हर्णैचा मासळीचा लिलाव, सावंतवाडीची लाकडी फळं, गंजिफांचे गोल पत्ते, पिंगुळीच्या बाहुल्या. प्रत्येक गोष्टीला एक पान आणि एक भेट. पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या, चित्रकथीच्या, त्याच त्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या लोकांपुढे उलगडल्या, त्याच बाहुल्या नाचवल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती उभ्या जन्माच्या कामासाठी. तू त्या अंगणात किती वेळ होतीस? पानावर तूच वेळ घातली आहेस : सव्वाअकरा ते बारा. आणि म्हणतेस, बघून झालं!

अपवाद एकतीसाव्या पानाचा. विहिरीवरचा रहाट तू तीनदा काढलास. पाऊस आला असणार आणि अडकली असशील. पहिला रहाट कुठलाही शाळकरी मुलगा काढेल तसा आहे. दुसऱ्यात दोर आला. तिसऱ्यात दोरानं लाकडाला पाडलेली खाच आली, ती एका बाजूला जास्त खोल आहे, कारण पाणी काढणारी माणसं नेहमी एकाच अंगाला उभी राहतात. अख्ख्या वहीत तुझं स्वतःचं असं तेवढंच. बाकीचं सगळं कुणीही काढलं असतं.

म्हणून सांगतो, परत जा. जिथे गेली होतीस तिथेच परत जा.

कशेळीच्या सड्यावरचा, उघड्या कातळात कोरलेला हत्ती तू पाहिलास का? वहीत नाही. कातळशिल्पांची कोकणातली ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून गाड्या येतात, लोक फोटो काढून निघून जातात. मी पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात, भर दुपारी. सुमारे १८ मीटरचा हत्ती पायाशी असून मला दिसला नाही. ऊन डोक्यावर असलं की कोरलेल्या रेषेत सावलीच उरत नाही. जांभ्याचा नुसता भाजलेला काळा पसारा. 'यात काय आहे?' असं पुटपुटत घरी आलो. पौषात पहाटे परत गेलो. ऊन आडवं आलं, आणि पाठीची रेषा, सोंड, मग पोटात दाटीवाटीनं कोरलेले मासे, पक्षी, जनावरं, एकेक करून वर आली. ती वीसेक मिनिटं मी जागचा हललो नाही. तिसऱ्यांदा गेलो तो आषाढात, पाऊस नुकता थांबला होता. रेषांच्या खोबणीत पाणी भरलं होतं आणि पाण्यात आभाळ. हत्ती आभाळानं काढलेला होता. भाद्रपदात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलतात, इवली निळीजांभळी. तेव्हा चौथ्यांदा. हत्ती तोच होता बाय, मी चार वेळा वेगळा झालो. पहिल्या फेरीवर थांबलो असतो तर आयुष्यभर सांगत फिरलो असतो की तिथे काही नाही.

हे मला आत्ता कळतं. तुझ्या वयात कळलं असतं तर खूप वाचलं असतं, आणि त्याचीच चीड या पत्रात येते आहे, ती सहन कर.

मी मुंबईत सतरा वर्षं कापडावरच्या छपाईची डिझाइनं केली. कंपनीचं नाव तुला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. खात्यात दर हंगामाला परदेशी नमुन्यांची जाडजूड पुस्तकं यायची, साहेब त्यात चिठ्ठ्या लावून द्यायचा, आम्ही तेच थोडं वळवून काढायचं. त्यात पेस्ली असायचीच. पेस्ली हे स्कॉटलंडमधलं गाव. काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर विणली जायची, म्हणून आपल्याकडच्या आकाराला त्या गावाचं नाव पडलं. आपण तिला कोयरी म्हणतो. मी हजारांनी कोयऱ्या काढल्या असतील, सगळ्या पुस्तकातून. आणि आमच्या परड्यात हापूसची अकरा कलमं! फाल्गुनात कैरी देठाला लोंबते तेव्हा तिचा एक खांदा वर आणि एक खाली असतो, चोच कधी डावीकडे कधी उजवीकडे वळलेली, दोन कैऱ्या कधीच सारख्या नसतात. हे मी कागदावर उतरवलं ते नोकरी सोडल्यावर. नक्कल केल्याची मला लाज वाटते असं नाही, पोट होतं, घर होतं. लाज वाटते ती झाड दाराशी असून खाली न बसल्याची.

एकदा कंपनीनं जर्मनीच्या कापड-प्रदर्शनाला पाठवलं, जोडून आठ दिवस युरोप. एकोणीस रोल फोटो काढले. ते पेटाऱ्यात आहेत, बुरशी धरलेले. त्यातल्या एकाही फोटोतून एक रेषही कागदावर आली नाही. तुझ्या फोनात साठवलेली ती हजारो चित्रं दाखवलीस ना मला पडवीत बसून, बोटानं सरसर सरकवत? मला माझे रोल दिसत होते.

आणि एक गोष्ट, जी मी काकूशिवाय कुणाला सांगितलेली नाही. चौदाव्या वर्षी मी आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, जायचो. शाडू मळणं, साच्यातून काढलेल्या मूर्तीचे सांधे पुसणं, पॉलिश पेपर, अस्तराचा पांढरा रंग, एवढंच माझ्याकडे. डोळ्यांची आखणी आजोबा करायचे, शाळेचे मालक. शेवटच्या रात्री, सगळे गेले की. म्हणाले होते, "पुढल्या वर्षी आखणीला बस माझ्याशेजारी." पुढल्या वर्षी मी शिकायला मुंबईत. मग दरवर्षी चाकरमान्यांच्या गर्दीत चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचायचो, तेव्हा सगळ्या गणपतींचे डोळे उघडलेले असायचे. आजोबा दरवर्षी विचारायचे, "या वर्षी पण उशीर?" मी म्हणायचो, पुढल्या वर्षी. तेवीस वर्षं म्हटलं. मग ते गेले. त्यांच्या गणपतीची नजर तुम्ही कुठेही उभे राहा, तुमच्याकडे वळायची. आधी उजवा डोळा धरायचे की डावा, भुवई आधी की पापणी, श्वास कुठे रोखायचे, काही माहीत नाही. मुलगा शाळा चालवतो, हात चांगला आहे, पण त्याची रीत वेगळी. त्यालाही वडिलांनी बसवलं नव्हतं, कारण तोही पुढल्या वर्षीच बसणार होता.

आता म्हणशील, काका विहिरीतला बेडूक व्हायला सांगतात. तसं नाही. नागावात १९३६ साली जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत, बनारसला राहिले, मुंबईत राहिले, जग त्यांना ठाऊक होतं. पण चित्रांत पाहा, पान, घड्याळ, अशा घरातल्या वस्तू पुन्हापुन्हा येतात, आणि रंग कित्येकदा पत्र्याला लावायचा साधा एनॅमल. रोजनिशी तरुणपणापासून १९९५ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले. एकाच पानाकडे माणूस परत परत जातो म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शीक. आणि तुझ्या टूरच्या कागदावर फ्लॉरेन्स आहे, व्हेनिस आहे. या दोन शहरांच्या मधे बोलोन्या लागतं. तुमची बस तिथे थांबणार नाही. तिथे जॉर्जो मोरांदी नावाचा चित्रकार १९६४ मध्ये मरेपर्यंत राहिला. अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायची रीत, शिकवायचा आणि घरी, झोपायच्याच खोलीत, बाटल्या, डबे, सुरया मांडून त्यांची चित्रं काढायचा. त्याच बाटल्या. बाटली दोन बोटं सरकवली की नवं चित्र. तुला सात शहरं लागतात, त्याला एक टेबल पुरलं.

तू म्हणशील हे मोठे लोक. मग घरचं बघ. वैशाखात काकू आमसुलं घालते. रातांबे फोडून सालं वेगळी करायची, रसात बुडवायची, उन्हात टाकायची. सुकली की परत त्याच रसात. अशी पुटं देत राहायची. पहिल्या दिवशी साल नुसती लाल असते, शेवटी काळीभोर होते आणि तिच्यात अख्ख्या फळाचा आंबटपणा उतरतो. एका पुटावर उचललीस तर कढीला रंगही येत नाही. गेल्या वैशाखात मी तिच्याबरोबर बसून रोज एका सालीचा रंग वहीत लावला. एवढा आनंद मला त्या जर्मनीच्या प्रदर्शनात झाला नव्हता. सोलकढीचा गुलाबी रंग बाजारात कुठल्या ट्यूबमध्ये मिळत नाही, तो मिसळायला मला एकवीस दिवस लागले.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी परत आलो. "मुंबईत जमलं नाही म्हणून आला," असं आमच्याच भावकीत बोललं गेलं, आजही बोलतात. मला ते मान्य नाही. अकरा वर्षं मी घरापासून देवळापर्यंतची पायऱ्यांची पाखाडी काढली, चारशेवर चित्रं झाली, प्रदर्शन एकही नाही. पण त्या पायऱ्या काढता काढता एके दिवशी शेजारच्या भिंतीचे चिरे पाहिले. खालच्या दोन चिऱ्यांचा सांधा वरच्या चिऱ्याच्या बरोबर मध्याखाली. छपाईत आम्ही याला ब्रिक रिपीट म्हणायचो, सतरा वर्षं पट्टी लावून आखायचो, आणि ज्या भिंतीला टेकून मी लहानाचा मोठा झालो तिच्यात तो होता! त्यातून एक किनार निघाली. चिऱ्यांची मांडणी आणि सांध्यांतून पावसात उगवणारं शेवाळ, दोनच रंग. माझी म्हणून मी दाखवू शकतो अशी तेवढीच. ती मुंबईत राहून झाली नसती, आणि पहिल्या वर्षी तर नाहीच नाही. जांभ्याचा ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा खाऊन घट्ट होतो. मलाही अकरा पावसाळे लागले. हे तुला सांगायची गरज नव्हती कदाचित. पण लिहिलंय ते खोडत नाही.

टूरचं विचारलंस. सात शहरांची टूर नको. त्यासाठी बाबांनी कर्ज काढावं हे मला पटत नाही, आणि तुलाही पटलेलं नाही, नाहीतर तू मला विचारलंच नसतंस. पुढेमागे स्वतःच्या कमाईतून जा, एका शहरात बारा दिवस राहा, रोज त्याच एका चित्रापुढे जाऊन उभी राहा. चौथ्या दिवशी कंटाळा येईल. पाचव्या दिवशी परत जा. तोवर त्या विहिरीवर जा. पौषात जा, सकाळी जा, पाणी खाली गेल्यावर चैत्रात जा. थिबा राजवाडा फाटकातून काढलायस, अगदी टूरच्या कागदावर छापतात तसा. १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत असलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला हा वाडा १९१० मध्ये मिळाला आणि तो १९१६ मध्ये गेला. आत जा, खिडकीशी उभी राहा, त्याला काय दिसत असेल ते काढ. मग परत जा.

गणपतीच्या शाळेत मूर्तींसाठी लोकांचे पाट यायला लागलेत. भिंतीला लावून ठेवलेत, खडूनं नावं घातलेली. आजोबांच्या मुलाशी बोललोय. आखणीला तो कुणाला जवळ बसू देत नाही, पण दिवा धरायला माणूस लागतो, आणि या वर्षी मी बसणार आहे. शेजारी आणखी एकाची जागा आहे. चतुर्थीच्या तीन दिवस आधी ये, आदल्या दिवशी नको. रात्री वीज जाते, तुझी ती डोक्याला लावायची बॅटरी घेऊन ये. वही माझ्याकडेच ठेवली आहे, पानं काकूनं चुलीवरच्या माळ्यावर सुकत घातलीत.

तुझा,
काका