वाचक विचारतात : कॉलेजच्या यशाच्या बातम्या किती मनावर घ्यायच्या?

प्रश्न : मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाणार. ज्या कॉलेजचं माहितीपत्रक उघडावं तिथे आमच्या मुलांनी सॅटेलाइट बनवला, रेसिंग कार बनवली असे फोटो. याला खरंच महत्त्व द्यायचं का प्लेसमेंटचा आकडा बघून मोकळं व्हायचं? – एक आई

उत्तर : ताई, महत्त्व जरूर द्या, फक्त फोटोमागे किती वर्षं आहेत ते विचारा. आपल्या पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेचंच घ्या. तिथल्या मुलांचा ‘स्वयम्’ सॅटेलाइट 22 जून 2016 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-34 रॉकेटमधून वर गेला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन साधारण किलोभर. पण काम सुरू झालं होतं 2008 च्या आसपास, म्हणजे ज्यांनी पहिल्या आकृत्या काढल्या ती पोरं लॉन्चच्या वेळी कधीच पास होऊन नोकरीला लागलेली, आणि ज्यांनी शेवटच्या टेस्ट केल्या ती सुरुवातीला शाळेत होती. मला यात सॅटेलाइटपेक्षाही जास्त कौतुक याचं वाटतं की एका बॅचनं दुसरीला सगळं नीट लिहून, समजावून दिलं. हे ज्या कॉलेजात होतं तिथे पोरं घडतात.

आणि आतलं डोकं बघा काय लावलंय! सॅटेलाइट गटांगळ्या खात राहिला तर अँटेनाची दिशा धड राहत नाही. मोठ्या सॅटेलाइटला त्यासाठी फिरती चाकं, थ्रस्टर म्हणजे ढकलणारी छोटी इंजिनं असतात, पण किलोभर वजनात ते कुठे कोंबणार? मग मुलांनी आत कायमचा चुंबक बसवला, तो होकायंत्रातल्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो. आता नुसता चुंबक ठेवला तर तो इकडून तिकडे डोलतच बसेल, म्हणून सोबत हिस्टेरिसिस रॉड लावले, चटकन चुंबकत्व बदलणाऱ्या धातूच्या बारीक कांड्या असतात त्या, डोलण्यातली ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतात आणि डोलणं हळूहळू कमी होतं. या सगळ्याला वीज लागते शून्य.

त्याच वर्षी 26 सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, तो दहा किलोच्या आसपास, वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी. त्यालाही अशीच बरीच वर्षं लागली.

तर कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राध्यापकांना नका विचारू, टीममधल्या सेकंड इयरच्या एखाद्या पोराला गाठा आणि ‘हा पार्ट असाच का केला’ एवढंच विचारा. त्याला सांगता आलं तर समजा काम मुलांनी केलंय. ‘सिनियरनं करून ठेवलंय’ किंवा ‘बाहेरून करून आणलंय’ म्हणाला तर फोटो विसरा. वर्कशॉप संध्याकाळी उघडं असतं का तेही बघा. आणि मुलीची आई म्हणून एक नक्की विचारा, टीममधल्या मुली वेल्डिंग, वायरिंग, टेस्टिंग करतात का त्यांना नुसतं स्पॉन्सरशिपचे मेल आणि रिपोर्ट लिहायला बसवलंय? हे अजूनही होतं आणि मला ते अजिबात पटत नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकल सेकंड इयरला आहे, फॉर्म्युला टीममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेसाठी रेसिंग कार बनवणाऱ्या टीममध्ये आहे. एक विषय राहिला. घरचे म्हणतात टीम सोड. काय करू? – एक विद्यार्थी

उत्तर : आधी तो विषय काढ बाबा, यात वादच नाही, कारण बऱ्याच कंपन्या बॅकलॉग असला की मुलाखतीपर्यंत येऊच देत नाहीत. पण टीम सोडू नकोस, कॅप्टनला सांगून परीक्षेपर्यंत छोटं काम माग. घरच्यांना वाटत असेल पोरगा गाडी पळवायला जातो, तर त्यांना सांग की या स्पर्धेत एकूण 1000 गुण असतात आणि त्यातले 325 गाडी जागेवर उभी असताना मिळतात, डिझाइन का असं केलं, खर्च कसा काढला, धंदा म्हणून ही गाडी कशी विकशील, यावर परीक्षक तासून घेतात. उरलेले पळण्यातले. त्यातही सगळ्यात जीवघेणी एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, साधारण 22 किलोमीटर, मध्येच ड्रायव्हर बदलायचा. गाडी थांबते, इंजिन गरम असतं, दुसरा बसतो आणि स्टार्टर दाबला की गाडी चालूच होत नाही, वर्षभराची मेहनत तिथेच संपते. कारण असतं एखादा सैल कनेक्टर नाहीतर गरम झालेलं इंधन. हे शोधायला जो बसतो त्याला थर्मल आणि इलेक्ट्रिकल पुस्तकाबाहेर कळतं.

शिवाय विभागात विचार, टीमचं काम मिनी प्रोजेक्ट म्हणून धरतात का. खूप ठिकाणी धरतात, मुलं विचारतच नाहीत.

प्रश्न : आमचं कॉलेज छोटं आहे, अशी लॅब नाही. मी कॉम्प्युटरची आहे. मला काही करता येईल का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : येईल की! 12 जुलै 2010 ला ‘स्टडसॅट’ गेला तो एका कॉलेजचा नव्हताच, बंगळुरू-हैदराबादकडच्या सात कॉलेजांनी मिळून केला होता, वजन किलोपेक्षाही कमी. म्हणजे शेजारच्या कॉलेजशी हात मिळवायला हरकत नाही. आणि तुझ्या ब्रँचचं काम तर ढीगभर असतं, सॅटेलाइटवरचं सॉफ्टवेअर, खाली आलेला डेटा उलगडणं, ग्राउंड स्टेशन म्हणजे जमिनीवरून सॅटेलाइटचे सिग्नल पकडायचं केंद्र. सुरुवात घरबसल्या कर, ‘सॅटनॉग्स’ नावाचं जगभरातल्या हौशी ग्राउंड स्टेशनचं खुलं नेटवर्क आहे, त्यावर छोट्या सॅटेलाइटचे पकडलेले सिग्नल कुणालाही फुकट बघता येतात. एक सॅटेलाइट निवड, त्याचा डेटा उतरवून घे, सॅटेलाइट पृथ्वीच्या सावलीत गेल्यावर बॅटरीचं व्होल्टेज कसं पडतं त्याचा पायथॉनमध्ये ग्राफ काढ. पुढे स्वतः सिग्नल पाठवायचे असतील तर हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स लागतं, त्याची सरकारी परीक्षा असते, तुझ्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलीला ती अवघड जाऊ नये. ग्राफ झाला की आम्हाला पाठव, बघायला आवडेल.