कल्पनेतला कडा, पायऱ्यांचा हिशेब

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या काल्पनिक राज्यात कड्यात कोरलेल्या १०,००० पायऱ्या आहेत. नायक तासाभरात माथा गाठतो. खाली अथांग दरी दाखवली, तरी वाचणारे म्हणतात, भीती वाटत नाही. काय चुकतंय?

उत्तर : आधी तो तास खोडा. पायरी २० सेंटिमीटर उंच धरली तरी ही २,००० मीटरची चढण झाली. पाठीवर ओझं घेतलेला धडधाकट माणूस तासाला तीनेकशे मीटर चढतो. म्हणजे सहा-सात तास, विसावे वेगळे. शिवाय दर १,००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पायथ्याला १० अंश असतील तर माथ्यावर उणे ३. खाली शेवाळ, वर बर्फ.

दरीची वर्णनं आवरा. तोल जातो तो पायरीमुळे. थोडं चढलं की पायाला उंची पाठ होते, तो न बघता उचलला जातो. मग एखादीच पायरी बाकीच्यांपेक्षा ३ सेंटिमीटर जास्त उंच निघाली की चवडा अडकतो. जुन्या पायऱ्या मधोमध झिजतात, खोलगटात पाणी साचतं, रात्री गोठतं. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पायरीची कोर फोडतं.

आणि नायकाला उतरवा! ३० सेंटिमीटर उंच, १५ रुंद अशा पायऱ्यांचा चढ ६३ अंशांचा होतो. चढताना चवडा टेकतो, हात वरच्या पायरीवर असतात. दरीकडे तोंड करून उतरू गेल्यास जेमतेम टाच टेकते, आणि पाठीवरचं गाठोडं कातळाला लागून माणसाला बाहेर रेटतं. कातळाकडे तोंड करून, खालची पायरी पायानं चाचपतच उतरावं लागतं. कमरेची तलवार तेव्हा पायात येते; ती पाठीला बांधलेली बरी.

प्रश्न : पाय पडताच निखळणारी पायरी दाखवता येईल का?

उत्तर : अखंड कातळात कोरलेली नाही; तिची कोर फुटेल, इतकंच. घळीपाशी एक टोक भिंतीत रोवलेले चिरे असतील तर जमेल. त्या टोकावरच्या दगडांचं वजनच चिऱ्याला धरून ठेवतं. ते दगड काढले की चिरा उलटतो. मात्र ९० × ३० × १५ सेंटिमीटरचा ग्रॅनाइटचा चिरा शंभर किलोंवर भरतो. असा सापळा एकट्या मारेकऱ्याकडून लावून घेऊ नका.

प्रश्न : बुटक्यांनी खोदलेला जिना माणसांना सोपा जाईल ना?

उत्तर : उलट. पायरीची दुप्पट उंची अधिक रुंदी ही बेरीज चालणाऱ्याच्या ढांगेएवढी लागते; माणसाला सुमारे ६३ सेंटिमीटर. बुटक्यांची ढांग ४० धरली, तर पायरी १२ उंच, १६ रुंद. एकेक घ्यावी तर माणसाचं पाऊल मावत नाही, दोन-दोन घ्याव्यात तर ढांग ८० ची पडते.