सर्व्हरच्या स्लॉटमध्ये चार एसएसडींचं कार्ड लावलं, पण एकच दिसते. कार्ड खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की एक्स१६ स्लॉटमध्ये (म्हणजे १६ लेनच्या, लेन म्हणजे डेटा ये-जा करायची वाट) चार एम.२ एसएसडी (पट्टीसारख्या छोट्या) बसणारं साधं कार्ड लावलंय, चारही एनव्हीएमई, म्हणजे या पीसीआयई लेनवरून थेट चालणाऱ्या आहेत, पण दिसते फक्त पहिली. कार्ड परत करायला निघाला असाल तर जरा थांबा. एक दिसतेय याचा अर्थ कार्ड बहुधा धडधाकट आहे.

अशा साध्या कार्डावर डोकं असं काही नसतंच. स्लॉटच्या १६ लेन चार-चार करून चार सॉकेटांपर्यंत नेऊन सोडलेल्या असतात, बस्स. त्या १६ लेनवर एक नाही, चार उपकरणं आहेत हे प्रोसेसरला बायोसने (बोर्ड सुरू होताना चालणाऱ्या सॉफ्टवेअरने) सांगावं लागतं. यालाच बायफर्केशन म्हणतात. बायोसमध्ये तो स्लॉट नुसता 'एक्स१६' असेल तर प्रोसेसर एकच उपकरण शोधतो, पहिल्या चार लेनवर त्याला एक एसएसडी सापडते आणि विषय संपतो. उरलेल्या तिघींना वीज मिळत असते, पण विचारपूस कुणी करत नाही.

तेव्हा बायोसमध्ये पीसीआयईच्या सेटिंगमध्ये जा आणि त्या स्लॉटला एक्स४एक्स४एक्स४एक्स४ करा. स्लॉटचा क्रमांक बोर्डावर छापलेला असतो, तो आधी बघून घ्या. शेजारच्याच स्लॉटची सेटिंग बदलून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. एक्स८एक्स८ ठेवलंत तर बहुतेक वेळा पहिली आणि तिसरी दिसते. एक्स४एक्स४एक्स४एक्स४ करूनही पहिल्या दोनच दिसल्या तर स्लॉट लांबीला एक्स१६ असला तरी आत लेन आठच जोडलेल्या असण्याची शक्यता मोठी. ते बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या आकृतीत कळतं.

ही आकृती बघायचा मला कंटाळा होता, आणि तो एकदा चांगलाच भोवला. दोन प्रोसेसरांच्या बोर्डावर एकही एसएसडी दिसेना. मी अर्धा दिवस एसएसडी काढून-घालून बघत होतो. शेवटी आकृती उघडली तर तो स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेला, आणि दुसऱ्या प्रोसेसरचं सॉकेट रिकामं! कार्ड वरच्या स्लॉटमध्ये हलवलं, पुढच्या बूटला चारही हजर.

सेटिंग बदलल्यावर लिनक्समध्ये एलएसपीसीआय (पीसीआयई उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवा आणि 'नॉन-व्होलाटाइल मेमरी कंट्रोलर'च्या ओळी मोजा. चार ओळी आल्या तर हार्डवेअरचं काम झालं. मग पार्टिशन वगैरे तपासा. इंटेलचा बोर्ड असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी (एनव्हीएमई एसएसडींचा कारभार स्वतःकडे घेणारी इंटेलची सोय) चालू आहे का तेही बघा. ते चालू असलं की एसएसडी त्याच्या आड जातात आणि ड्रायव्हर नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसतच नाहीत.

एखादीच अडून बसली तर तिच्या खाचा मोजा. दोन खाचा असतील तर ती बहुधा साटाची, म्हणजे एनव्हीएमई नसून जुन्या जोडणीची असते. तशी असेल तर सॉकेटमध्ये नीट बसेल, पण या कार्डावर कधीच चालणार नाही.

बायोसमध्ये बायफर्केशनचा पर्यायच नसेल तर आधी बायोस अपडेट करून बघा. काही बोर्डांना तो नंतरच्या आवृत्तीत मिळतो. तरीही नसेल तर स्वतःची पीसीआयई स्विच चिप (लेनची वाटणी कार्डावरच करणारी) असलेलं कार्ड घ्यावं लागेल. ते बरंच महाग असतं आणि तापतंही, म्हणून हा उपाय शेवटचा.

बोर्डाचं मॉडेल, स्लॉटचा क्रमांक आणि बोर्डावर किती प्रोसेसर बसवलेत, एवढं लिहा. नेमकी सेटिंग कुठे सापडेल ते बघून सांगतो.