कार्ड बसवले की संगणक क्षणात बंद पडतो

प्रश्न : माझ्याकडे २०१५ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. त्यात इंटेलचा आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि ‘४५० वॅट’ असे छापलेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आहे. मुलासाठी नुकतेच जीटीएक्स १६६० सुपर हे वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेतले. एसएमपीएसला आठ पिनांची वायर नसल्यामुळे दोन मोलेक्सवरून (चार पिनांच्या जुन्या वीजजोडांवरून) ती काढणारा कन्व्हर्टर दुकानातून आणला. आता बटण दाबले की पंखे क्षणभर फिरतात आणि सगळे बंद पडते. कार्ड काढले की संगणक पूर्वीसारखा चालतो. जुन्या मदरबोर्डवर हे कार्ड चालतच नसेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कार्ड काढल्यावर संगणक नीट चालतो हे आपण तपासून पाहिलेत, हे फार चांगले केलेत, त्यामुळे रॅम, हार्ड डिस्क आणि प्रोसेसर यांच्यावरचा संशय एका फटक्यात दूर होतो. मदरबोर्डच्या वयाचाही येथे दोष दिसत नाही. एच-८१ वरील कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या दुसऱ्या पिढीचा आणि आपले कार्ड तिसऱ्या पिढीचे असले, तरी या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, फक्त वेग थोडा उतरतो. जुन्या बायोसला (मदरबोर्डवरील, संगणक सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरला) नवे कार्ड ओळखता आले नाही, तर संगणक चालू राहतो आणि पडदा तेवढा काळा राहतो. आपला संगणक मुळात चालूच राहत नाही, म्हणून दोष विजेच्या बाजूला शोधायला हवा.

येथे बहुतेक जण ‘एसएमपीएस कमी पडतो’ असे सांगून मोकळे होतात. ते अर्धेच खरे आहे. सुरू होताना कार्ड आपली पूर्ण वीज घेत नाही. कमी पडणारा एसएमपीएस सहसा गेम सुरू झाल्यावर, कार्डावर ताण आला की दगा देतो. बटण दाबताच सगळे बंद पडणे हे बहुधा शॉर्ट झाल्याचे आणि एसएमपीएसने स्वतःला वाचवल्याचे लक्षण असते. तो शॉर्ट कन्व्हर्टरमध्ये आहे की कार्डात, हे घरीच कळू शकते. संगणकाची मुख्य वायर भिंतीतून काढा, कन्व्हर्टर कार्डापासून आणि मोलेक्सपासूनही सोडवा, कार्ड स्लॉटमध्ये शेवटची खटकी लागेपर्यंत नीट बसवा, मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मुख्य वायर पुन्हा भिंतीत जोडा आणि मग बटण दाबा. संगणक चालू राहिला आणि पडद्यावर कार्डाला वीज जोडण्याची सूचना आली, किंवा नुसते बीप ऐकू आले, तर दोष कन्व्हर्टरचा किंवा एसएमपीएसचा आहे. तरीही तो क्षणात बंद पडला, तर कार्डच आतून शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी चांगला एसएमपीएस असलेल्या ओळखीच्या संगणकावर ते एकदा दाखवून घ्या आणि विकणाऱ्याकडे परत न्या.

कन्व्हर्टरवर माझा विशेष राग आहे. मोलेक्समध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या अर्थिंगच्या असतात. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये या तारांची अदलाबदल झालेली असू शकते आणि बाहेरून पाहून ती चटकन लक्षात येत नाही.

चाचणीचा निकाल काहीही लागो, हा एसएमपीएस बदलाच. इन्व्हर्टर घेताना आपण बॅटरी किती अँपिअर-तासांची हे आवर्जून विचारतो, पण एसएमपीएसवरचा मोठा आकडा मात्र मुकाट्याने मान्य करतो. तो आकडा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट या सगळ्यांची बेरीज असतो, आणि स्वस्त डब्यांवर तर ती बेरीजही फुगवलेली असते. प्रोसेसर आणि कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवर भागते. म्हणून लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. तेथे १६ असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटच हाती येतात. आपल्या कार्डाला १२५ वॅट आणि प्रोसेसरला ८४ वॅट लागतात, म्हणजे पंखे आणि डिस्क धरण्याआधीच २०९ वॅट झाले. नवा एसएमपीएस नामांकित कंपनीचा, किमान ४५० वॅटचा, १२ व्होल्टवर ३० अँपिअरहून अधिक देणारा आणि कार्डासाठी स्वतःची ‘सहा अधिक दोन’ पिनांची वायर असलेला घ्या. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिच्यातील १२ व्होल्टच्या तारांची जागा उलटी असते. ती कार्डात जोर लावून बसवू नका.

बायोसमध्ये जाऊन ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने बसवलेले विंडोज सुरू करू देणारी सोय) बंद करण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला, तर तूर्त तो ऐकू नका. विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेले असेल, तर त्यानंतर ते सापडेनासे होईल आणि एका दुखण्याची दोन होतील.

प्रश्न : जीटीएक्स १०६० कार्ड बसवल्यापासून डिस्प्लेपोर्टवर जोडलेला मॉनिटर विंडोज सुरू होईपर्यंत काळाच राहतो, त्यामुळे बायोस दिसत नाही. कार्ड सदोष आहे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : बहुधा नाही. एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० मालिकांतील कार्डांना डिस्प्लेपोर्ट १.३ व १.४ च्या मॉनिटरवर हा त्रास होत असे, आणि कंपनीने २०१८ साली त्यासाठी फर्मवेअर (कार्डातच साठवलेले सॉफ्टवेअर) दुरुस्त करणारे छोटे साधन दिले. तोवर मॉनिटर एचडीएमआयवर जोडा, ते साधन कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून विंडोजमधून चालवा, आणि ते चालू असताना वीज जाणार नाही एवढे पाहा.