भारतीय कंपनीची नोकरी ठेवून थायलंडमधून काम करायचंय, कोणता व्हिसा घ्यावा?

डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. जुलै २०२४ पासून मिळतो. मुदत ५ वर्षं, दर प्रवेशाला १८० दिवस. वय किमान २० हवं आणि खात्यात ५ लाख बाट.

थायलंडमध्ये बसून अर्ज करता येत नाही. भारतातून थायलंडच्या ई-व्हिसा पोर्टलवर करा.

घोळ होतो तो दोन कागदांत. एचआरचं साचेबद्ध पत्र, 'अमुक व्यक्ती आमच्याकडे नोकरीला आहे', एवढ्यावर भागत नाही. त्यात 'भारताबाहेरून काम करण्यास परवानगी आहे' हे वाक्य स्पष्ट हवं. दुसरं, बँक स्टेटमेंट. काका-मामांकडून आदल्या आठवड्यात आलेले पैसे लगेच नजरेत भरतात. रक्कम ३ महिने आधीपासून बचत खात्यात ठेवा. एफडीच्या भरवशावर राहू नका.

पोहोचल्यावर घरमालकाने २४ तासांत टीएम-३०, म्हणजे परदेशी व्यक्ती राहायला आल्याचं इमिग्रेशनला कळवणारा फॉर्म, भरलाय ना, ते विचारा. नंतर इमिग्रेशनला तोच मागतात. सलग ९० दिवस राहिलात तर पत्ता कळवावा लागतो. थाई कंपनीचं काम या व्हिसावर चालत नाही.

आणि कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले कर-रहिवासी. मग तिथे आणलेल्या पगारावर कर लागू शकतो. सीएला जाण्याआधीच गाठा.