लिलावात डांगी गाय घेताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा: एका शासकीय फार्मच्या जाहीर लिलावाच्या यादीत डांगी गायी आहेत, त्यातली एक घ्यायची आहे, पण हे जनावर आजवर फोटोतच पाहिलंय. बोलीआधी बघायला अर्धा तास मिळतो, तेवढ्यात काय बघायचं?

मी इगतपुरीच्या बाजूला भातशेती करतो. घरी आजोबांच्या वेळेपासून डांगीच, आमच्या डोंगराळ, पावसाच्या भागातली देशी जात. लिलावातून आजवर तीन जनावरं आणली, त्यात एकदा सपशेल फसलो. आधी तेच सांगतो.

गाय अस्सल होती. दुसऱ्या वेताची, यादीत पुढे ‘गाभण’ लिहिलेलं. दात बघितले, खूर बघितले, कास बघितली. पोटातलं कुणाचं, हे मात्र विचारलं नाही. वासरू झालं ते काळं-पांढरं, घरात सगळे खूश, म्हणाले बाहळा (डांगीतला काळा-पांढरा रंग) आलाय. चार-पाच महिन्यांत ते उंच व्हायला लागलं, पाय लांब, पाठ सपाट आणि वशिंडाच्या जागी नुसता उंचवटा. फार्मवर गाईला होल्स्टिन या विलायती दुधाळ जातीची रेतमात्रा भरली होती. लपवलं कुणीच नव्हतं, रजिस्टरला नोंद होती. मीच मागितलं नाही.

तेव्हा गाभण गाय असेल तर आधी कृत्रिम रेतनाची नोंद मागा: तारीख आणि वळूचा क्रमांक. गाभणकाळ साधारण २८० ते २८५ दिवसांचा, त्यामुळे तारखेवरून विण्याचा दिवसही काढता येतो. सांगितलेले महिने आणि पोट यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरकडून तपासून घ्या.

दुसरं, रंगावर जाऊ नका. डांगीत रंगावरून नावं पडलीत: पारा, बाहळा, मणेरा, खैरा, लाल, काळा. बाजारात ही नावं ऐकवून भाव चढवतात. पण काळे-पांढरे ठिपके होल्स्टिनच्या संकरातही येतात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच हुरळतो. रंग सोडून बाकीचं बघा. डोकं लहान, कपाळ किंचित पुढे आलेलं, नाकपुडीकडचा भाग मोठा. शिंगं आखूड आणि जाड, कान लहान. वशिंड ठसठशीत, गळ्याची पोळी थोडीशी लोंबती.

मग हात लावा. डांगीची खरी ओळख कातडीत आहे. तिच्या अंगातून तेलकट स्राव येतो, म्हणून आमच्याकडच्या मुसळधार पावसातही ही जनावरं रानात चरत राहतात. वशिंडापासून कमरेपर्यंत तळवा दाबून फिरवा, तळव्याला बारीक ओशटपणा लागतो. ओंजळभर पाणी पाठीवर टाकलंत तर मुरत नाही, ओघळून जातं. एक सांभाळा. खासगी विक्रीत जनावर सकाळी धुऊन, खायचं तेल चोळून उभं करणारेही भेटतात. तळव्याचा वास घ्या. शेंगदाण्याचा आला तर समजून जा.

पण सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो खुरांना. डांगीचे खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक असतात. दिवसभर भाताच्या चिखलात, नाहीतर डोंगरातल्या दगडगोट्यात वावरणाऱ्या जनावराला तेच तारतात. चारी खूर वाकून बघा, दोन नख्यांच्या बेचक्यात जखम किंवा घाण वास आहे का ते पाहा. फार्मवरची जनावरं बऱ्याचदा सिमेंटच्या कोब्यावर उभी असतात, त्यांचे खूर पुढे वाढलेले दिसतात. तेवढं साळता येतं, म्हणून लगेच नापसंत करू नका. लंगडणं मात्र नजरेआड करायचं नाही. दावं सोडून तिला टणक जमिनीवर वीस पावलं चालवायला सांगा. मऊ मातीत लंगडं जनावरही बरं चालतं. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडायला हवा.

दात बघायला लाजू नका. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खालचे आठ मोजायचे. दोन दात, चार दात, सहा दात, मग आठही आले की जुळलेली. जुळलेली असून दात झिजलेले, आखूड दिसले तर यादीतल्या वयावर विश्वास ठेवू नका. कालवड घेणार असाल तर धीर धरा, डांगी उशिरा वयात येते, पहिलं वेत चार वर्षांच्या पुढेच धरा.

दुभती असेल तर चारी सडांतून स्वतः धार काढून बघा. गाठी, पाणचट दूध किंवा एक सड कडक लागला तर सरळ पुढच्या गाईकडे जा. दुधाचा हिशेब आधीच नीट मांडा: एका वेताला सरासरी पाचेकशे लिटर, काही त्याहून खूप कमी. डेअरीला दूध घालायला गाय हवी असेल तर डांगी घेऊच नका. ही शेतकामाची, पावसाची जात आहे.

भोवरे, शेपटीचा गोंडा यावरून शुभ-अशुभ सांगणारे भेटतील. माझ्या आजोबांचाही विश्वास होता, पण घेताना तेही खूरच बघायचे.

कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर यादीशी ताडून बघा. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत सापडलेल्या जनावरांच्या अंगावर वण असतात. नुसत्या वणांनी बिघडत नाही, पायाला सूज राहिली असेल तर बिघडतं. लसीच्या नोंदी आणि ब्रुसेलाच्या (गाभडायला लावणारा सांसर्गिक रोग) तपासणीचं विचारा.

बोलीचं म्हणाल तर बाजारात रुमालाखाली बोटं दाबत व्यवहार चालतो, तिथे विचाराला वेळ मिळतो. लिलावात मिळत नाही, आणि विक्री ‘जसं आहे तसं’ असते, नंतर तक्रार नाही. आपला शेवटचा आकडा घरीच कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि बोलीआधी बघा, आमच्याकडची डांगी पाळणाऱ्या ठाकर किंवा कानडी समाजातली जुनी माणसं कुठल्या गाईपाशी रेंगाळतात. मी माझी तिसरी गाय अशीच घेतली. एक म्हातारबाबा तिच्याभोवती तीनदा फिरून गेले, पैसे कमी पडले म्हणून त्यांनी बोली लावली नाही. मी नंतर त्यांना चहा पाजला, तर म्हणाले, “उजव्या बाजूनं धार काढशील तर लाथ मारंल.”

मारते.