बिश्केक ते ओश: रिकामी सीट विकत घ्या

प्रश्न: मी ऑक्टोबरमध्ये किर्गिझस्तानला एकटी जातेय. बिश्केकहून ओशला शेअर टॅक्सीने जाणं एकट्या बाईसाठी सुरक्षित आहे का? कुणाचा अनुभव आहे का?

उत्तर:

मी गेलेय. सप्टेंबर २०१९, वय ४८, एकटी, आणि तिथल्या भाषेतले मोजून दहा शब्द पाठ. तुम्ही जा. फक्त गाडी सकाळी आठ-नऊच्या आत सुटेल असं बघा आणि भरत नसेल तर उरलेल्या सीटचे पैसे स्वतः देऊन टाका. बाकीच्या गोष्टी याच्यानंतर येतात. असं का म्हणते ते सांगते.

माझी मुलगी ओशला डॉक्टरकी शिकत होती. तिथे भारतातली पुष्कळ मुलं शिकतात, आपली मराठी मुलंही बरीच असतात. माझं दिल्लीहून निघालेलं विमान बिश्केकला उशिरा पोचलं आणि ओशचं पुढचं विमान हुकलं. ते विमान तासाभराच्या आत पोचवतं. पुढच्या दोन दिवसांची तिकिटं संपलेली होती. मी कोल्हापूरची, भूगोलाची शिक्षिका. नारिन नदी आणि तिएन शानच्या रांगा फळ्यावर काढण्यात वर्षं गेली, म्हणून म्हटलं, रस्त्यानेच जाऊ.

आमच्याकडे वडाप चालतं, त्यामुळे भरल्याशिवाय गाडी सुटत नाही हे मला नवीन नव्हतं. मी साडेआठला स्टँडवर पोचले. ड्रायव्हर म्हणाला, आत्ता निघू. भाडं माणशी १५०० सोम, आणि त्या वर्षी सोम आणि रुपया जवळजवळ सारख्याच किमतीचे होते. पुढची सीट मला मिळाली. मागे एक आजी आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू येऊन बसले. सव्वाअकराला एक तरुण सैनिक आला, तो उझगेनला सुट्टीवर चालला होता. मग कुणीच येईना. एक सीट रिकामी, आणि तिच्यासाठी आम्ही दीड वाजून गेला तरी तिथेच. शेवटी माणूस मिळालाच नाही, एक गुंडाळलेला गालिचा मिळाला. तो नातवाच्या डोक्यावरून आडवा घातला आणि पावणेदोनला गाडी हलली. रिकाम्या सीटचे पैसे मी नऊ वाजताच दिले असते, तर पुढे जे घडलं त्यातलं बरंच दिवसाउजेडी घडलं असतं.

हा रस्ता सहाशे किलोमीटरहून लांब आहे. नकाशा बघून रत्नागिरी-नागपूरसारखा हिशेब करू नका. पहिला तास-दीड तास कारा-बाल्तापर्यंत सपाट मैदान, मग गाडी दक्षिणेला वळते आणि चढ लागतो. बिश्केक समुद्रसपाटीपासून ८०० मीटरवर आहे. त्यो-आशू खिंडीचा बोगदा ३१०० मीटरच्याही वर आहे. आपला गगनबावड्याचा घाट पाच-सहा वेळा एकावर एक रचला तर कल्पना येईल. अर्ध्या चढावर इंजिन तापलं. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलो. पाणी आणायला सैनिक ओढ्याकडे गेला, आजींनी नान मोडून सगळ्यांना दिली. नान तिथे उलटी ठेवत नाहीत. मी नकळत ठेवली होती, आजींनी न बोलता सुलटी केली.

माझ्या पिशवीत मुलीसाठी कांदा-लसूण चटणीची सीलबंद पाकिटं होती. उंचीवर हवेचा दाब कमी होतो तशी ती फुग्यासारखी फुगली. हे मी वर्गात कितीदा सांगितलंय, पण हातात धरून पाहिलं ते तिथे. एक पाकीट फुटलं आणि ओशपर्यंत गाडीला आमच्या स्वयंपाकघराचा वास होता. (खाऊ नेणार असाल तर पाकिटाला बारीक टोचा मारून डब्यात भरा.)

बोगदा सुमारे अडीच किलोमीटरचा, अरुंद, आणि धुराने भरलेला. काचा वर करायला सांगितलं नाही तरी करा. बाहेर पडलं की एकदम सुसामिरचं पठार. पिवळं गवत, गुराख्यांचे गोल तंबू, म्हणजे यर्ट, शेवटचे काही उरलेले, घोडे. सप्टेंबरात गुराखी उन्हाळी कुरणांवरून खाली उतरतात, त्यामुळे मेंढ्यांच्या कळपात तीनदा अडकलो. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं किमिझ आजींनी रस्त्याकडेला विकत घेतलं आणि मला पाजलं. आंबट असतं, धुरकट असतं, मला आवडलं. इथे मला अंगावर काटा येईपर्यंत बरं वाटत होतं, हेही लिहायलाच हवं, कारण तुम्ही हाच पठाराचा भाग उजेडात पाहावा म्हणून मी एवढं सांगतेय.

तिथेच सूर्य मावळला. पुढची आला-बेल खिंडही ३००० मीटरच्या वर आहे, ती आम्ही अंधारात चढलो.

आता पुढच्या सीटबद्दल. किर्गिझस्तानात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण जपानहून आलेल्या जुन्या गाड्या खूप, आणि त्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडेच. म्हणजे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसतो आणि त्याच्या शेजारचा प्रवासी रस्त्याच्या मध्याकडे. ट्रकला ओव्हरटेक करताना समोरचं आधी दिसतं ते प्रवाशाला. आमच्या ड्रायव्हरने मला खुणेने विचारायला सुरुवात केली. मी हात आडवा धरला की थांब, पुढे केला की जा. दिवसा हे जमत होतं. रात्री समोरच्या दिव्यांवरून अंतर कळेना, तेव्हा मी हात आडवाच धरून ठेवला. तो चिडला, तरी मी हात काढला नाही. तुम्ही डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी शोधा, जास्त पैसे पडले तरी.

सव्वानऊला तोक्तोगुलला जेवलो. जेवण झाल्यावर सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवून प्रार्थना केली, तशीच ती निघतानाही केली होती आणि रस्त्यात कब्रस्तान लागलं की करत होते. नंतर मीही करू लागले. पुढे नारिनवरच्या तोक्तोगुल धरणाच्या जलाशयाला वळसा. धरणाच्या पाण्याने जुनं खोरं व्यापलं, म्हणून रस्ता काठाकाठाने लांबून जातो, तासाहून जास्त. हे धरण २१५ मीटर उंच आहे, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. मला ते पाहायचं होतं. मला फक्त काळोख दिसला.

अकराच्या सुमारास कारा-क्योलला ड्रायव्हर म्हणाला, उतरा. त्याने आम्हाला दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केलं होतं. भाड्याची वाटणी त्यांची त्यांनी केली. असं तिथे होतं, घाबरू नका, पण सामान स्वतः मोजून घ्या आणि पूर्ण पैसे पोचल्यावरच द्या. मी निघतानाच दिले होते, त्यामुळे नवा ड्रायव्हर पुन्हा मागू लागला. सैनिकाने मध्ये पडून मिटवलं.

हा नवा मुलगा पंचविशीचा असेल, डोळे लाल. कारा-क्योलपासून ताश-क्योम्युरपर्यंत रस्ता नारिनच्या घळीतून जातो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. त्याची मान दोनदा कलली. दुसऱ्यांदा गाडी कडेची खडी उडवत गेली. मी ओरडले ते मराठीत, "अहो, थांबा!" आजींनी मागून त्याच्या खांद्यावर जोरात थाप मारली. गाडी थांबली. त्या त्याला "बालाम" म्हणत होत्या, म्हणजे माझ्या लेकरा. माझ्या कानाला ते बाळच ऐकू आलं. त्यांनी त्याला खाली उतरवलं, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुवायला लावलं, आणि सीट मागे करून अर्धा तास झोपवलं. घड्याळ त्या स्वतः बघत बसल्या. सैनिक बाहेर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना मोबाईलचा उजेड दाखवत होता. त्या अर्ध्या तासात मला कुठल्याही माणसाची भीती वाटली नाही. भीती होती ती झोपेची आणि त्या वळणांची.

तुमच्या ऑक्टोबरमध्ये सूर्य आणखी लवकर मावळेल, साडेसहाच्या आसपास, आणि खिंडींवर बर्फ असू शकतं. बर्फाचे टायर आहेत का ते आधीच विचारा. भाषा नाही आली तर टायरकडे बोट दाखवा, कळतं त्यांना. एकट्या बाईने पुढे बसावं की मागे, हे मला बऱ्याच जणी विचारतात. मी म्हणेन, गाडीत एखादी वयस्क बाई असेल तर तिच्या शेजारी बसा. तिथे मोठ्या बाईला "एजे" म्हणतात, आपल्या ताईसारखं. ही हाक मारली की तुम्ही तिची जबाबदारी होता.

घळ संपली की फर्गाना खोरं, सपाट रस्ता. पूर्वी जलाल-आबादहून ओशचा सरळ रस्ता आताच्या उझबेकिस्तानातून जायचा. सीमा आल्यावर गाड्या उझगेनवरून वळसा घालतात. तिथे अडीच वाजता सैनिक उतरला.

ओशला मुलीच्या वसतिगृहापाशी पोचलो तेव्हा पहाटेचे तीन चाळीस झाले होते. फाटक बंद, मुलीचा फोन लागेना. ड्रायव्हरला जायचं होतं. आजींचं घर अजून पुढे होतं, नातू मांडीवर झोपलेला. त्यांनी ड्रायव्हरच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि आपल्या मुठीत धरली. वीस मिनिटांनी मुलगी स्वेटर चढवत खाली आली. आजींनी तिला जवळ घेऊन कपाळाचा मुका घेतला, उरलेल्या दोन नान तिच्या हातात दिल्या, आणि मगच किल्ली परत केली.